पाऊस लागल्यावर मिटलेलं कोरल : खारघरच्या एका टाकीचं निदान

प्रश्न थोडक्यात असा आहे. खारघरमध्ये फ्लॅटमधली खाऱ्या पाण्याची टाकी, खालची फिल्टर टाकी म्हणजे संप धरून २०० लिटर पाणी, वय नऊ महिने. आत झोअँथिड, मशरूम, एक टोडस्टूल लेदर आणि झेनिया, सगळं बिनदगडी कोरल म्हणजे प्रवाळ. मे अखेरपर्यंत सगळं छान फुललेलं होतं. जूनच्या मध्यापासून झोअँथिड मिटले, लेदर आखडला, झेनिया दोन दिवसांत विरघळून गेला आणि वाळूवर बुडबुडे धरलेला तपकिरी, तार सुटणारा थर आला. मेमधले आकडे : सलाइनिटी म्हणजे खारेपणा ३५ (लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ), केएच म्हणजे अल्कलिनिटी ८, कॅल्शियम ४२० पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम), मॅग्नेशियम १३२०. आताचे : ३१, ७.१, ३७२ आणि ११७०. नायट्रेट, फॉस्फेट दोन्ही शून्य. सकाळी पाणी २८.६ अंश, दुपारी ३०.२. पाण्यावर पंखा चालू आहे, रोज चार लिटर आरओचं पाणी वरून घातलं जातं आणि स्किमरचा, म्हणजे फेस करून पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राचा कप दिवसातून दोनदा पातळ चहासारख्या पाण्याने भरतो. विचारणा अशी, की केएच, कॅल्शियम, मॅग्नेशियमच्या तिन्ही बाटल्या सुरू कराव्यात का, लाइट वाढवावा का आणि रिकाम्या जागी हॅमर, टॉर्च ही दगडी कोरल घ्यावीत का.

बाटल्या घेऊ नका. कारण तुमच्याच आकड्यांत दडलेलं आहे.

आताच्या प्रत्येक आकड्याला मेमधल्या आकड्याने भागून बघा. ३१ भागिले ३५ म्हणजे ०.८८६. केएचचं उत्तर ०.८८८, कॅल्शियमचं ०.८८६, मॅग्नेशियमचंही ०.८८६. चारही गोष्टी एकाच प्रमाणात, साधारण ११ टक्क्यांनी उतरल्या आहेत. कोरलने खाल्लं असतं तर असं झालंच नसतं. सांगाडा बांधताना कॅल्शियम आणि केएच ठरलेल्या प्रमाणात खर्च होतात : कॅल्शियम २० पीपीएम उतरलं की केएच २.८ ने उतरतो. तुमचं कॅल्शियम ४८ ने कमी झालंय. ते कोरलने वापरलं असतं तर केएच जवळपास पावणेसात अंकांनी पडून सव्वापर्यंत आला असता. तो फक्त ०.९ ने उतरलाय. शिवाय झोअँथिड आणि मशरूमला दगडी सांगाडा नसतोच, लेदरच्या अंगात कॅल्शियमचे बारीक कण असतात तेवढेच. म्हणजे तुमच्या टाकीतलं काही संपलेलं नाही, पाणी पातळ झालंय.

आता पातळ कसं झालं ते बघू.

मेमध्ये पंख्यामुळे रोज चार लिटर पाणी उडत होतं आणि तुम्ही चार लिटर घालत होतात, हिशेब बरोबर जुळत होता. पाऊस लागला, हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर गेली आणि उडणारं पाणी निम्म्यावर आलं. हात मात्र सवयीने चार लिटरच ओतत राहिला. ते जास्तीचं दोन लिटर पाणी संपमध्ये साठलं, तिथली पातळी दोन-तीन सेंटीमीटर चढली. स्किमर पातळीला फार संवेदनशील असतो. पाणी वर आलं की त्याचा फेस गळ्यापर्यंत न सुकताच वर जातो आणि कपात घाणीऐवजी खारं पाणीच पडायला लागतं. काढ्यासारखा गडद, वास मारणारा गाळ म्हणजे स्किमर नीट चाललाय. पातळ चहा दिसला की तो तुमचं मीठ बाहेर फेकतोय. रोज दोन लिटर खारं पाणी बाहेर आणि त्या जागी दोन लिटर गोडं पाणी आत, म्हणजे २०० लिटरमध्ये दिवसाला एक टक्का. बारा दिवसांत ३५ चे ३१ होतात. कप भरतोय म्हणजे पाणी घाण झालं असणार, असं वाटून तुम्ही तो आणखी तत्परतेने रिकामा करत राहिलात. तसं वाटणं साहजिक आहे.

शून्य नायट्रेट-फॉस्फेटचं मूळही बऱ्याच अंशी इथेच आहे. एवढा ओला स्किमर पोषण पार धुऊन नेतो. पोषण संपलं की नेहमीचं शेवाळ मरतं आणि त्या मोकळ्या जागेवर डायनोफ्लॅजेलेट हे सूक्ष्म एकपेशीय जीव पसरतात. वाळूवरचा तार सुटणारा, बुडबुड्यांचा थर त्यांचाच दिसतो. खात्री करायची असेल तर थोडा थर बाटलीत घेऊन जोरात हलवा, कॉफीच्या गाळणीच्या कागदातून गाळा आणि गाळलेलं पाणी उजेडात ठेवा. तासाभरात तंतू पुन्हा गोळा झाले तर डायनोच.

दुरुस्ती करताना घाई नको. खारेपणा एका दिवसात ३१ वरून ३५ वर नेलात तर मिटलेलं कोरल उरलंसुरलंही मान टाकेल. त्याच्या पेशींनी पंधरा दिवसांत पातळ पाण्याशी कसंबसं जुळवून घेतलंय, उलटा प्रवासही तितकाच सावकाश व्हायला हवा. दिवसाला अर्ध्या अंकाच्या आत राहा. आधी संपमधलं जास्तीचं पाणी काढून पातळी मेमधल्या जागी आणा आणि काचेवर मार्करने रेघ मारा. स्किमर गडद गाळ देईपर्यंत त्याच्या आतली पाण्याची पातळी व्हॉल्व्हने खाली उतरवा. मग पुढचे दिवस उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं गोडं पाणी न घालता टाकीच्या समुद्री मिठाचं ३५ खारेपणाचं पाणी घाला, रेघेपर्यंतच. रोज दोन लिटर उडत असेल तर ७० ग्रॅम मीठ आत जातं आणि खारेपणा दिवसाला ०.३५ ने चढतो. अकरा-बारा दिवसांत ३५. त्यानंतर पुन्हा गोडं पाणी. त्या मिठातूनच केएच, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आपोआप जागेवर येतील, वेगळं काही घालावं लागणार नाही.

हे सगळं मोजमापावर उभं आहे, म्हणून रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारेपणा मोजायचं उपकरण, आधी तपासा. तो आरओच्या पाण्यावर शून्य दाखवतो म्हणून ३५ ला बरोबर असेलच असं नाही. ३५ चं प्रमाणित द्रावण घेऊन त्यावर जुळवा. हलत्या काट्याच्या प्लास्टिक हायड्रोमीटरवर एक बुडबुडा चिकटला तरी आकडा चुकतो, त्यावर कोरलचा जीव टांगू नका.

पुन्हा असं होऊ नये यासाठी ऑटो टॉप-ऑफ, म्हणजे उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र बसवा. पाणी थंड करणाऱ्या चिलरच्याही आधी मी हाच खर्च सांगेन. त्याचा सेन्सर संपच्या शेवटच्या कप्प्यात लावा, जिथून पाणी वर जातं, कारण पाणी उडाल्याने पातळी फक्त तिथेच उतरते. स्किमर मात्र बाफलने, म्हणजे आडपट्टीने पातळी स्थिर ठेवलेल्या कप्प्यात हवा, अ‍ॅक्रिलिकच्या चौरंगावर योग्य उंचीला. सेन्सर कधीतरी अडकणारच. गोगलगाय त्यावर जाऊन बसते, क्षार साठतात. म्हणून वर दुसरा सुरक्षा फ्लोट ठेवा आणि गोड्या पाण्याचा डबा मुद्दाम लहान, दहा लिटरचाच घ्या. अख्खा डबा रिता झाला तरी २०० लिटरमध्ये खारेपणा ३५ वरून साधारण ३३.३ वर येईल, कोरल तेवढं सोसतं. स्वयंपाकघरातल्या आरओची नळी थेट संपला जोडणं मात्र कधीही नको. रात्री व्हॉल्व्ह उघडा राहिला तर सकाळी टाकी आणि खालच्या मजल्याचं छत दोन्ही गेलेलं असतं.

आता तापमान. खारेपणा सुधारूनही दुपारचे ३०.२ अंश राहिले तर कोरल पूर्ण उघडणार नाही.

पंखा पाणी थंड करतो तो वाफेतून. एक लिटर पाणी वाफ होताना इतकी उष्णता नेतं, की तेवढ्यात २०० लिटर पाणी जवळपास तीन अंशांनी उतरावं. पण त्याला एक सीमा आहे. ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर वाऱ्यात जितका उतरतो, त्याखाली पंखा पाण्याला नेऊ शकत नाही. जानेवारीत कोरड्या हवेत ही सीमा विशीच्या आसपास असते, म्हणून तेव्हा पंखा कमालीचा चालतो. मेच्या दुपारी हवा ३४ अंश आणि आर्द्रता ५५ टक्के असेल तर सीमा २६-२७. जुलैत हवा फक्त ३० अंश असली तरी ८५ टक्के आर्द्रतेत ती २८ च्या जवळ जाते, वर पंपाची आणि लाइटची उष्णता. म्हणजे बाहेर गारवा वाटतो, खिडकीतून पाऊस दिसतो आणि टाकी तापलेलीच राहते. ठाणे-नवी मुंबईत पंख्यावर टाकलेला भरवसा नेमका पावसाळ्यात फसतो आणि मग ऑक्टोबरच्या उन्हात दुसऱ्यांदा.

बर्फाच्या बाटल्यांनी फार काही साधत नाही. फ्रीझरमधली एक लिटरची गोठलेली बाटली पूर्ण वितळून टाकीइतकी गरम होईपर्यंत २०० लिटर पाणी जेमतेम ०.६ अंश उतरवते. वीज गेलेल्या दुपारी एवढा आधारही मोलाचा असतो, रोजचा उपाय म्हणून नाही.

तुमच्या टाकीला चिलर लागेल. २०० लिटर आणि तापणारी खोली असेल तर १/१० हॉर्सपॉवरचा काठावर चालेल, सतत घरघरत राहील. १/५ किंवा १/४ चा निवांत काम करेल आणि टिकेलही. २६ अंशांवर लावा, चालू-बंद होण्यातला फरक अर्धा ते एक अंश ठेवा. सर्वांत जास्त चूक होते ती जागेची. चिलर टाकीखालच्या बंद कपाटात ठेवला, की तो आपलीच गरम हवा पुन्हा ओढतो, पाणी थंड होत नाही आणि काँप्रेसर लवकर जातो. त्याची गरम हवा बाल्कनीकडे किंवा निदान मोकळ्या खोलीत जाऊ द्या. मागची जाळी दर महिन्याला ब्रशने साफ करा, आपल्याकडे बांधकामाची धूळ भरपूर असते. फक्त रात्री एसी लावून भागवत असाल तर पाणी रात्री २६ आणि दुपारी ३० असं वर-खाली हेलकावतं. त्यापेक्षा कायम २७.५ बरं.

लाइट वाढवू नका, उलट तापमान उतरेपर्यंत ३० ते ४० टक्क्यांनी कमी करा. कोरलच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि त्याच्या प्रकाशसंश्लेषणातून कोरलला बहुतेक अन्न मिळतं. पाणी तापलं की ही यंत्रणा बिघडते आणि प्रकाश पडत राहिला तर घातक ऑक्सिजन-रेणू तयार होतात. स्वतःला वाचवण्यासाठी कोरल ते शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. उष्णता आणि प्रकाश दोन्ही मिळून हा घात करतात, म्हणून तापलेल्या टाकीत प्रकाश वाढवणं हे सर्वांत वाईट औषध. एरवी झोअँथिड-मशरूमला ५० ते १२० पार (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी प्रकाशाचं माप, PAR), लेदरला ८० ते १५० पार आणि दिवसाला आठ-नऊ तास पुरे.

डायनोसाठी फॉस्फेट काढणारं माध्यम वापरत असाल तर ते काढून ठेवा आणि माशांचं खाणं थोडं वाढवा. नायट्रेट ५ आणि फॉस्फेट ०.०५ च्या आसपास दिसायला हवेत. आठवडाभराने नायट्रेट शून्यच राहिलं तर शुद्ध पोटॅशियम नायट्रेट वापरता येतं : २०० लिटरला ५ पीपीएमसाठी १.६ ग्रॅम, तेही दोन-तीन दिवसांत विभागून. या काळात मोठे पाणीबदल टाळा, ताज्या पाण्याने डायनो अनेकदा आणखी फोफावतात. थर रोज बारीक नळीने ओढा, फिल्टर सॉकमधून गाळा आणि तेच पाणी टाकीत परत घाला, म्हणजे खारेपणाही हलत नाही.

झेनियाचे उरलेले तुकडे आजच काढा, ते सडून बाकीच्यांना बाधतात. सोबत पिशवीत १०० ग्रॅम सक्रिय कोळसा पाणी वाहतं तिथे ठेवा आणि आठवड्याने बदला. आखडलेल्या लेदरवर मेणासारखा चकचकीत पापुद्रा असेल तर घाबरू नका, तो कात टाकतोय. आठवडा, कधी दोन आठवडेही तो तसाच राहतो. प्रवाह थोडा त्याच्याकडे वळवा, हाताने सोलू नका. बुडखा काळा-मऊ पडून वास यायला लागला तरच धारदार ब्लेडने निरोगी भागापर्यंत कापा.

झोअँथिड हाताळताना मात्र जपा, हे आवर्जून सांगतो. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असतं. हातमोजे आणि डोळ्यांवर गॉगल घातल्याशिवाय त्यांना कापू नका, बोटावर जखम असेल तर हातच घालू नका. त्यांचा दगड स्वच्छ करायला गरम पाणी कधीही वापरू नका आणि उकळणं तर अजिबात नाही. वाफेबरोबर विष हवेत जातं आणि बंद फ्लॅटमधल्या सगळ्यांना, घरातल्या कुत्र्या-मांजरालाही दवाखान्यात न्यावं लागू शकतं.

पाण्याबद्दल थोडं. पिण्याच्या आरओ यंत्रात बहुधा मिनरल कार्ट्रिज किंवा टीडीएस (विरघळलेले क्षार) अ‍ॅडजस्टर असतो, तो चवीसाठी कच्चं पाणी परत मिसळतो. टाकीसाठी नळी मेंब्रेनच्या लगेच पुढून वेगळी काढा, त्यावर उरलेले क्षार शोषणारं डीआय रेझिन लावा आणि टीडीएस शून्य मिळतोय का ते दर आठवड्याला बघा. १-२ दिसायला लागला की रेझिन बदला. मोरबे किंवा हेटवणे धरणाचं पाणी मुळात हलकं असतं, पण उन्हाळ्यात खारघरला किंवा घोडबंदर रोडवर टँकर सुरू झाले की टीडीएस एकदम चढतो आणि रेझिन निम्म्या काळात संपतं. सोसायटीने पाण्याच्या टाक्या धुतल्या की ब्लीचिंग पावडरचं क्लोरीन नळाला येतं. ती नोटीस लागली की त्या दोन दिवसांत पाणी भरू नका. वाशीच्या किंवा ठाण्याच्या खाडीचं पाणी कितीही जवळ असलं तरी टाकीत नको. त्यात सांडपाणी आणि औद्योगिक पाणी मिसळतं, आणि पावसाळ्यात ते खारंही राहत नाही.

पावसाळ्यात आणखी एक धोका हवेतून येतो. डेंग्यू-मलेरियासाठी धूरफवारणी होते, घरात मच्छर पळवणारं लिक्विडचं मशीन रात्रभर चालतं. त्यातली पायरेथ्रॉइड कीटकनाशकं कोळंबी आणि खेकड्यांना फार लवकर मारतात. स्किमर सतत खोलीची हवा पाण्यात मिसळतो, म्हणजे ते सरळ आत जातं. फवारणीची गाडी आली की खिडक्या बंद करा आणि दोन तास स्किमर थांबवा. टाकीच्या खोलीत मशीन लावूच नका, मच्छरदाणी लावा. गणपतीत मखराला स्प्रे पेंट मारायचा असेल तर तो जिन्यात किंवा गच्चीवर मारा. स्किमरची हवेची नळी बाल्कनीपर्यंत नेता आली तर बंद फ्लॅटमध्ये साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे पडणारा पीएचही सुधारतो, फक्त फवारणीच्या वेळी ती आठवणीने बंद करा.

पहिल्या वादळी पावसात महावितरणची वीज चार-सहा तास जाणं नवीन नाही, आणि सोसायटीचा जनरेटर बहुधा लिफ्ट आणि जिन्यापुरता असतो. अशा वेळी सर्वांत आधी ऑक्सिजन संपतो, उष्णता नंतर मारते. म्हणून १५ वॅटचा एक वेव्ह पंप (टाकीतलं पाणी हलवणारा) घरच्या इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. १५० एएचची धड बॅटरी तो एकटा दिवसभर सहज ओढते. चिलर आणि लाइट त्या लाइनवर घेऊ नका.

आता हॅमर आणि टॉर्च. दोन्ही दगडी कोरल आहेत. रीफ म्हणजे प्रवाळखडक बांधणारी सगळी दगडी कोरल, काळं प्रवाळ, समुद्रपंखे आणि फायर कोरल २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाला आहे त्याच दर्जाचं संरक्षण त्यांना आहे. दगडी कोरलचा आंतरराष्ट्रीय व्यापारही साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली परवान्यावरच चालतो. कागदपत्रांशिवाय दुकानात ठेवलेला तुकडा स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, आणि मालवणच्या समुद्रातून कुणी दगड आणून देतो म्हणाला तर स्पष्ट नाही म्हणा. तिथलं प्रवाळ तिथेच राहायला हवं. खडकासाठी सिरॅमिक किंवा सिमेंटचे कृत्रिम दगड उत्तम चालतात. झोअँथिड, मशरूम, लेदर, झेनिया, केनिया ट्री एवढ्यांतही टाकी वर्षानुवर्षं भरगच्च दिसते, आणि ती दर पंधरा दिवसांनी २० लिटर पाणी बदलून चालते, डोसिंगची कटकटच नाही.

पुढे कधी केएच खरोखरच उतरला, म्हणजे खारेपणा ३५ ला स्थिर असताना एकटा केएच पडला, तर १०० लिटरला एक अंक वाढवायला ३ ग्रॅम खायचा सोडा लागतो, तुमच्या टाकीला ६ ग्रॅम. पाकिटावर फक्त सोडियम बायकार्बोनेट लिहिलेलं असावं. बेकिंग पावडर आणि पापडखार नको. अर्धा लिटर आरओच्या पाण्यात पूर्ण विरघळवून जिथे प्रवाह जोरात आहे तिथे सावकाश ओता. दिवसाला एक अंकापेक्षा जास्त नाही, आणि कॅल्शियम त्याच वेळी नाही, नाहीतर दोन्ही मिळून पांढरा चुना होऊन खाली बसतो.

पुढचे दोन आठवडे खारेपणा आणि दुपारी तीनचं तापमान रोज, केएच दोन दिवसांआड आणि नायट्रेट-फॉस्फेट आठवड्यातून एकदा वहीत लिहा. सोबत आणखी एक नोंद ठेवा : किती पाणी उडालं आणि किती कपात आलं. उडालेलं दोन लिटर आणि कपात अर्धी वाटी गडद गाळ असेल तर गाडी रुळावर आहे. झोअँथिड आधी कडेचे उघडतील, मग मधले. लेदर सर्वांत शेवटी. झेनियाचा नवा तुकडा सलाइनिटी ३५ वर आणि तापमान २७ च्या आत सलग दहा दिवस राहिल्यावरच आणा.